रागाचे ग्राव

काजूचे बोंडू आंबायला लागले की डोंगराचा वास बदलतो. आधी गोड, मग आंबटगोड, मग नाकातून शिरून डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा. हा वास वाऱ्याबरोबर खाली उतरतो, जनेलातून घरात येतो, आणि मी काहीही करत असलो तरी उठून उभा राहतो. यंदाही उठलो. भट्टीच्या मांडवाची सफेदी करायला घेतली. भट्टी पेटवायच्या आधी मी मांडवाच्या चिऱ्याच्या खांबांवर दर वर्षी चुन्याचा हात मारतो. यंदा एक खांब सोडला. त्यावर माझ्या नातीने गेल्या हंगामात कोळशाने इंग्रजी शब्द लिहून ठेवलेत, खालून वर. पावसाळ्यात शिंतोडे उडून खालचे पुसले गेले. वरचे तेवढे राहिले. 'फ्युरियस' आहे, 'एनरेज्ड' आहे, आणि सगळ्यात वर, ती स्टुलावर चढून लिहीत होती म्हणून वाकडा झालेला, 'लिव्हिड'.

सगळे शब्द रागाचे. सौम्य होते ते वाहून गेले आणि जाळणारे टिकले, हे पेडण्याच्या बाजारात कोणाला सांगितलं तर हसून म्हणतील, खांब तुमचाच ना, मग आणखी काय होणार? माझा राग तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक त्याची वाट बघतात असंही मला कधी कधी वाटतं.

मी भाव करून मोठा झालो. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक हाकायचो. खाणी बंद पडल्या तेव्हा हातात ट्रकची किल्ली होती आणि ट्रकला काम नव्हतं. मग बापाच्या काजूच्या भट्टीकडे वळलो. डिचोलीच्या बाजारात पहिलं तांब्याचं भाण घेतलं, म्हणजे रस उकळायचं मोठं भांडं, तो दिवस अजून आठवतो. दुकानदाराने किंमत सांगितली. मी आवाज चढवला, त्याच्या तांब्याला नावं ठेवली, पाठ फिरवली आणि चालू लागलो. असं चालण्याचीही एक तऱ्हा असते. पावलं पुढे टाकायची आणि कान मागे ठेवायचा. फार भरभर गेलं तर त्याला वाटतं गिऱ्हाईक गेलंच. फार हळू गेलं तर कळतं की हे कुठेही जात नाही. नारळवाल्याच्या कोपऱ्यावर पोचलो आणि हाक आली, "ओ भाऊ, रागान कित्याक जातात? येवा मागे!" गेलो मागे. ते भाण अजून माझ्याकडे आहे. माझा त्या वेळचा राग निम्मा खरा होता आणि निम्मा दुकानदारासाठी. त्यातला कुठला किती, हे मलाही नेहमी सांगता येत नाही.

उदय, माझा मुलगा, इंग्लंडला गेला तेव्हाही हंगामच होता. माझा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. त्या जोरावर त्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, आणि तेव्हा त्यावर इंग्लंडात काम करता यायचं. म्हणजे मी जन्मलोच नसतो तर पोरगा घरात राहिला असता, असं मी बाजारात सांगतो आणि लोक हसतात. मीही हसतो.

आमच्या घरची एक रीत आहे. भाणाखाली आग घातली की पहिली धार पडेपर्यंत भट्टीवर भांडायचं नाही. डोंगराचा राखणदार देव ऐकतो आणि धार करपवतो, असं माझा बाप सांगायचा. राखणदाराचं मी सांगू शकत नाही, पण भांडणाऱ्या माणसाचं जाळाकडे लक्ष नसतं एवढं खरं. जाळ वाढतो, भाण उतू येतं, आणि हुर्राकला, म्हणजे पहिल्या धारेच्या दारूला, करपट वास लागतो तो काही केल्या जात नाही. ही रीत उदयला लहानपणापासून माहीत. तरी तो आग पेटल्यावर बोलला. तिकडे एका गोदामात काम मिळालंय, आता लगेच निघायचं म्हणाला. पिंपात रस आंबतोय, डोंगरावर बोंडांचा सडा पडलाय, आणि हा निघाला.

मी म्हटलं, हंगाम संपेपर्यंत थांब, अर्धी भट्टी तुझ्या नावावर करतो. त्याने पिशवीचा बंद आवळला. मग म्हटलं, सगळी करतो. मग म्हटलं, नवी पिकअप घेऊ, तुझ्या पसंतीची. तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुमी माणसांचोय भाव करतात."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. विसरायचं कारणही दिसत नाही. मी त्याला माझ्याकडे होतं ते सगळं देत होतो आणि त्याने त्याला भाव म्हटलं. मग माझा आवाज चढला तो खाली वाड्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. उदयने पिशवी उचलली आणि वाट उतरू लागला. वाटेच्या वळणावर एक फणस आहे. तिथून पुढे माणूस दिसेनासा होतो. मी जाळाकडे बघत होतो, पण कान त्याच्या पावलांवर होता. फणसाखाली पावलं थांबली. चपलेचा पट्टा सुटला असेल. मी हाक मारली नाही. मग पावलं पुन्हा सुरू झाली.

बाजारात हा घोळ होत नाही. दुकान कोणाचं आणि गिऱ्हाईक कोण, हे दोघांनाही माहीत असतं. निघतो तो गिऱ्हाईक, हाक मारतो तो दुकानदार. आमच्यात कोण कोण होतं? मी देत होतो म्हणजे विकणारा मी, की मागत होतो म्हणून घेणारा मी? इतके हंगाम गेले, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशीचा हुर्राक अर्थातच करपला. त्यातली एक बाटली फडताळात मागे आहे. कोणाला देण्यासारखी नाही आणि ओतून टाकवत नाही.

तिकडची ईस्टरची सुट्टी आणि इकडचा काजू एकाच सुमारास येतात. गेल्या वर्षी सून, उदय आणि अन्वी सुट्टीला आली. अन्वी म्हणजे माझी नात. ती तिकडेच वाढलेली. मराठी कळतं सगळं, बोलते मात्र आपल्या सोयीने. घर महिनोन्‌महिने बंद असल्यासारखं होतं ते एकदम उघडलं. अंगणात चपला, दोरीवर लहान फ्रॉक, सकाळी पाववाल्या पोदेराचा हॉर्न वाजला की धावणारे पाय.

उदय आणि मी बोलत नव्हतो. भांडतही नव्हतो. मेजावर समोरासमोर बसायचो, मध्ये अन्वी.

"अन्वी, तुज्या डॅडीक विचार, पाव आणखी होयो काय?"

"अन्वी, आजोक सांग, पुरे झालो."

पोर एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्याच्याकडे. "पण तो इकडेच आहे!" ती म्हणाली. मग खांदे उडवून तिने निरोप्याचं काम अंगावर घेतलं. पण निरोप जसाच्या तसा पोचवायचं तिला कमी वाटलं असावं. ती त्याला रंग लावायची. "आजो इज ॲनॉइड," ती बापाला सांगायची. उदय मान न उचलता म्हणायचा, "नुसतो ॲनॉइड? परत बघ." ती माझं तोंड निरखायची. "क्रॉस?" "आणखी वर." "फ्युरियस!" मग मी म्हणायचो, "तेका सांग, अजून थंय पोचाक नाय, पण पोचान." माझी बायको भाताचं भांडं घेऊन येता येता म्हणाली, "तुमका दोगांकाय एकाच पिंपात घालून वयर झाकण घालूक होया." त्यावर सगळे हसले. उदय हसला, मी हसलो, आणि हसताना दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तिच्या वर्गाच्या भिंतीवर म्हणे कागदाचा एक उंच थर्मामीटर आहे. निबंधात 'अँग्री' लिहायला बाईंनी मनाई केली आहे. तो शब्द वापरून वापरून थकला, त्याला सुट्टी द्या, म्हणाल्या. त्याऐवजी मुलांनी थर्मामीटर बघायचा आणि राग किती चढलाय त्याप्रमाणे शब्द घ्यायचा. तळाला 'इरिटेटेड', टोकाला 'लिव्हिड'. मला हे आवडलं. माल एकच, पण प्रतवारी करून ठेवलेला. शिक्षण घ्यायची संधी मला मिळाली नाही, पण प्रतवारी मला कळते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर भट्टीवर आली. कातळात कोरलेल्या कुंडात, ज्याला आम्ही कोळंबी म्हणतो, बायका बोंडू तुडवत होत्या. तिने नीरो, म्हणजे ताजा गाळलेला रस, प्यायला, त्याचे थेंब हनुवटीवरून फ्रॉकवर, आणि काजूचा डाग धुतल्याने जात नाही हे सुनेला सांगायचं मी मुद्दाम टाळलं. मग मी तिला ग्रावची काच दाखवली. ग्राव हे आमचं हुर्राक-फेणीचं माप, पोर्तुगीजांच्या वेळेपासूनचं. काचेची बारीक नळी, तळाशी शिसं भरलेलं, अंगावर आकडे. हुर्राकमध्ये सोडली की तरंगते, आणि जिथवर बुडते तिथला आकडा वाचायचा.

"म्हणजे थर्मामीटर!"

"गरमीचो नाय गो. जोराचो."

तिने कोळशाचा तुकडा उचलला आणि खांबापाशी गेली. मग आम्ही दोघांनी मिळून इंग्रजी राग मोजला. 'इरिटेटेड' म्हणजे नीरो, मी म्हटलं, गोडच असतो अजून, नुसती जीभ चुरचुरते, आणि संध्याकाळपर्यंत नासतो. 'ॲनॉइड' म्हणजे पिंपात बुडबुडे यायला लागलेला रस. 'क्रॉस' वर आमचा वाद झाला. ती म्हणाली, क्रॉस छोटा असतो, मम्मी क्रॉस होते आणि मग चहा करते. मी तरी तो 'ॲनॉइड'च्या वर घ्यायला लावला. 'फ्युरियस' हुर्राक. पहिली धार, तोंडात घेतली की कानातून निघते, पण बूच उघडं राहिलं की उडून जाते, आणि पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही. असा राग मला पुष्कळदा येतो. त्याने कोणाचं नुकसान झालेलं नाही.

"आणि लिव्हिड?"

तिने बाईंनी सांगितलेलं सांगितलं. लिव्हिड झालेला माणूस लाल होत नाही. त्याचा रंग जातो, ओठ निळसर पडतात, आवाज खाली येतो. फेणीसुद्धा तशीच असते. पुन्हा गाळून काढलेली, बाटलीत पाण्यासारखी दिसते, आणि कितीही वर्षं ठेवा. जितकी ठेवाल तितकी मुरते. "फेणी," मी म्हटलं. ती स्टुलावर चढून लिहायला लागली.

खाली उतरल्यावर हात फ्रॉकला पुसत तिने विचारलं, "तू आणि डॅडी कुठला?"

मी म्हटलं, "अबोला."

"हाऊ मेनी ग्राव?"

अबोल्याला ग्राव नसतो. काच तरंगायला काहीतरी वाहतं लागतं. तिला मी म्हटलं, रुसवा, बोलायचं नाही असा राग. तिचे डोळे चमकले. "सल्किंग!" आणि खालचा ओठ बाहेर काढून दाखवला. बाई म्हणतात सल्किंग बाळं करतात.

"बाळां? माका बाळ म्हणता?" मी एवढ्याने ओरडलो की कोळंबीतल्या बायका तुडवायच्या थांबल्या. अन्वी घाबरली नाही. तिने खांबाकडे बोट दाखवलं, आनंदाने. "फ्युरियस, आजो! नाउ यू आर फ्युरियस!" आणि त्या शब्दाखाली जाड रेघ ओढली. ती रेघ अजून आहे.

तो शब्द मी पुष्कळ दिवस मनात फिरवला. सल्किंग करणारं पोर एकटं कोपऱ्यात बसलं तरी चालतं. रुसायला मात्र कोणीतरी लागतं. परक्यावर कोण रुसतो? ज्याने समजूत काढायला यावं असं वाटतं, त्याच्यावरच माणूस रुसतो. पाठ फिरवतो, चालू लागतो, आणि कान मागे ठेवतो. इंग्रजी थर्मामीटर नुसता वर चढत जातो, आणि आमचा राग चढून झाल्यावर वाट बघत बसतो. वाट बघण्याचा आकडा कुठल्याच काचेवर नाही.

सुट्टी संपली तेव्हा गाडीत सामान चढवताना अन्वीने माझा सदरा ओढला. "आजो, से बाय टू डॅडी." मी म्हटलं, सांग तेका, सुखरूप पोच. तिने सांगितलं. उदयने डिकी बंद केली आणि म्हणाला, सांग आजोक, तब्येत सांभाळा. गाडी वाट उतरली. फणसापाशी ब्रेकचे लाल दिवे लागले. तिथे खड्डा आहे. सगळ्यांचेच लागतात.

आता विमानतळ आमच्याच तालुक्यात झालाय, मोप्याला. विमानं डोंगरावरून जातात. पहिल्या पहिल्यांदा मी वर बघायचो.

यंदा ती कोणी आली नाहीत. उदयला दुसरं मूल झालं. बाळंतीण आणि बाळ बघायला माझी बायको तिकडे गेली, ती हंगाम संपल्यावर येणार. मला बोलावणं आलं तेही अन्वीतर्फेच. फोनवर तिचं अर्धं तोंड दिसत होतं. "डॅडी म्हणतो, आजोला यायचं तर येऊ दे."

'येऊ दे' हे काय बोलावणं झालं? "तेका विचार," मी म्हटलं, "माका बोलावता कोण?"

ती फोन घेऊन कुठेतरी चालली, भिंती हलल्या, छत आलं, मग पुन्हा तिचं तोंड. "डॅडी हॅज गॉन टू द किचन," ती म्हणाली.

म्हणून मी इथे आहे आणि सगळी तिकडे. सकाळी पेज करतो, तीच दुपारी खातो. पोदेर हॉर्न वाजवतो, मी सवयीने सगळ्यांपुरते पाव घेतो आणि संध्याकाळी कोंबड्यांना घालतो. भट्टीवर माणसं असतात, पण ती ऊन कलायच्या आधी आपापल्या घरी जातात. घरात ओरडायला कोणी नाही. ओरडण्याचं हे लोकांना कळत नाही. रागावण्यासाठी समोर माणूस लागतो, आणि तो माणूस पळून जाणार नाही याची खात्री लागते. रिकाम्या घरात मला साधं इरिटेटेड व्हायला जमत नाही.

परवा पेडण्याच्या बाजारात बांगड्यांचा भाव करत होतो. कोळीण माझ्या ओळखीची, केरीहून येते. मी तिला बोल लावले, पाठ फिरवली, चाललो, परत आलो, पुन्हा बोल लावले. शेवटी तिने टोपलीवर हात ठेवला. "भाऊ, बायको थंय, झिल थंय, घरात तुमी एकले. इतके बांगडे कोणाक? भाव करूकच येतात मरे तुमी!" शेजारच्या बायका हसल्या. मला संताप आला. बांगडे घेतले, तिने सांगितलेल्या भावात. घरी येऊन तळले आणि निम्मे मांजराने नेले.

गेल्या रविवारी भाणाखाली या हंगामातली पहिली आग घातली. जाळ मंद ठेवला. भांडायला कोणी नव्हतं, त्यामुळे रीत आपोआप पाळली गेली. दुपारी धार सुरू झाली. आधी थेंब, मग दोऱ्यासारखी. वास घेतला, स्वच्छ होता. मापाच्या नळकांड्यात हुर्राक घेतला, तेवढ्यात फोन वाजला. तिकडे सकाळ असते.

"आजो! व्हिच वन टुडे?" अन्वीने विचारलं. दर रविवारी विचारते. मी काहीतरी सांगतो, क्रॉस म्हणतो, ॲनॉइड म्हणतो. तिला बरं वाटावं म्हणून एकदा लिव्हिड म्हटलं होतं. त्या दिवशी मला कुठलाच शब्द सापडेना. खांबाकडे बघितलं. खालची जागा रिकामी होती आणि वरचे शब्द माझ्या अंगाला मोठे होत होते. तिच्या मागे, चित्राच्या कडेला, एक कोपर दिसत होतं, त्यावर बाळाचं दुपटं. ते कोपर मी ओळखलं.

मी म्हटलं, "अन्वी, तुज्या डॅडीक विचार, गेल्या वर्सा ग्रावची काच खंय ठेवली? माका गावना नाय."

अन्वी वळली. तिने तोंड उघडायच्या आत कोपर हललं आणि आवाज आला.

"तुमच्या खिशात आसा. दिसता."

मी खाली बघितलं. काच सदऱ्याच्या खिशातून वर डोकावत होती, मी तासाभरापूर्वी ठेवली तशीच. चोरी पकडली गेली होती. मी ती काढली आणि नळकांड्यात सोडली. काच खाली गेली, वर आली, डुलली, स्थिर झाली. मी फोन काचेसमोर नेला. अन्वीचं तोंड आता दिसत नव्हतं. तिच्या जागी उदय होता, बाळाला खांद्यावर टाकलेला. कानांवरचे केस पिकायला लागलेत त्याचे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"वाच," मी म्हटलं.

तो पुढे वाकला. "चवदा."

"चवदा खंयचे? पंधरा आसत."

"बाबा, चवदा."

"फोन सरळ धर मरे!"

"फोन तुमच्या हातात आसा."

मागे कुठेतरी माझी बायको हसली. अन्वी विचारत होती, कोण क्रॉस आहे, कोण क्रॉस आहे, आणि तिला कोणी उत्तर देत नव्हतं. धार पडत होती. तिचा वास माझ्या अंगावर येत होता आणि तिकडे त्याला तो जात नव्हता, तरी त्याने नाक वर केलेलं मी बघितलं. मग पुन्हा डोळे बारीक करून म्हणाला, चवदा, जास्तीत जास्त चवदा आणि थोडा. म्हणजे थोडा वर आला होता. मीही थोडा खाली उतरलो असतो तर मध्ये कुठेतरी पटलं असतं, आणि कुठे, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पण भाव पटला की गिऱ्हाईक निघून जातं.

"पंधरा," मी म्हटलं.